स्फुटाचा वाचक आणि ग्रंथाचा ग्राहक

ग्रंथव्यवहाराची चर्चा आपल्याकडे बहुधा प्रकाशक, वितरक आणि ग्रंथालये यांच्याभोवती फिरते. लेखक हाही त्या व्यवहारातील एक आर्थिक घटक असतो, ही गोष्ट समीक्षेने फारशी मनावर घेतलेली नाही. लेखकाने पुस्तकाच्या विक्रीचा विचार करणे आपल्या वाङ्मयीन संस्कृतीत काहीसे अप्रशस्त समजले जाते. आणि त्याने स्वतःचे पुस्तक स्वतःच छापले असेल तर त्याविषयी सहानुभूतीपूर्वक मौन पाळण्याची प्रथा आहे. प्रस्तुत लेखात मी ते मौन मोडणार आहे. त्यामागे काही धाडस आहे असे नव्हे. माझ्या घरातील दिवाणात माझ्याच पुस्तकाच्या २०८ प्रती आहेत, आणि त्यांच्यावर झोपून मला आता दहा वर्षे झाली आहेत.

प्रश्न असा आहे: जो लेखक आपले पुस्तक स्वतः प्रकाशित करतो, त्याने नियमित स्फुटलेखन केल्यास त्या लेखनामुळे पुस्तक विकले जाते काय? व्यवहारी माणसे याचे उत्तर निःशंकपणे होकारार्थी देतात. ‘लोकांच्या डोळ्यांसमोर राहा, पुस्तक आपोआप खपेल’ हा सल्ला मला मुद्रकापासून प्राचार्यांपर्यंत अनेकांनी दिला. तो मी जवळजवळ पावणेतीन वर्षे पाळला आणि त्या काळाचा हिशेब एका वहीत लिहून ठेवला. हा लेख म्हणजे त्या वहीचे वाचन आहे.

पुस्तकाची पूर्वपीठिका थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधाचा विषय ‘निबंधमाला’कालीन नियतकालिके आणि त्यांचा वाचक हा होता. पदवी २०१२ मध्ये मिळाली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी अध्यापकाच्या लेखनाला गुणांकांत बसवले होते. त्यामुळे आयएसबीएन असलेला ग्रंथ नावावर असणे ही आम्हा अध्यापकांची व्यावसायिक गरज झाली होती. एका प्रकाशकाने प्रबंध स्वीकारला, परंतु २०० प्रती मी आगाऊ विकत घ्याव्यात अशी अट घातली. पुस्तकाचा खर्चच मी करायचा असेल तर प्रकाशक तरी का नसावे, असा विचार करून २०१५ मध्ये मी ५०० प्रती छापून घेतल्या. पुढल्या पानावर प्रकाशक म्हणून माझ्या यजमानांचे नाव आहे. त्यांचा मराठी समीक्षेशी संबंध एवढाच की, छपाईचे पैसे त्यांनी भविष्यनिर्वाह निधीतून काढून दिले होते.

पहिल्या दोन वर्षांचा हिशेब असा: सप्रेम भेट ६४, परीक्षणार्थ १२, विक्री ७१. विक्रीपैकी ४८ प्रती वितरकाने शेकडा ५० सूट घेऊन उचलल्या, २३ मी स्वतः विकल्या. या आकड्यांत मला सर्वांत बोलका वाटतो तो भेटीचा आकडा. समीक्षेचे पुस्तक विकत घेण्याची वस्तू नसून स्वीकारण्याची वस्तू आहे, अशी आपल्या विद्याक्षेत्राची धारणा आहे. ज्यांच्यासाठी ते लिहिलेले असते ते सर्व भेटीच्या यादीत असतात. मग ग्राहक म्हणून उरतो कोण, हा प्रश्न त्या वेळी माझ्या मनात आला नाही. विक्री होत नाही याचे कारण लोकांना माझे नाव ठाऊक नाही, असाच निष्कर्ष मी काढला.

जून २०१७ पासून आमच्या जिल्ह्यातील एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत मी पाक्षिक सदर लिहू लागले. विषय प्रबंधाचेच होते; पद्धत मात्र निराळी होती. एकोणिसाव्या शतकातील वर्गणीदार, वर्गणी थकवणारे सभ्य गृहस्थ, मासिक वेळेवर न निघाल्याबद्दल क्षमा मागणारे संपादक, अशा गोष्टी मी साडेसहाशे शब्दांत सांगत असे. सदराच्या शेवटी माझे नाव, पुस्तकाचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक छापला जाई. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, पुरवणीची पाने कमी झाली आणि सदर बंद पडले. तोवर सत्तरच्या आसपास लेख झाले होते.

जेरार जनेत या फ्रेंच समीक्षकाने १९८७ च्या आपल्या ग्रंथात संहितेच्या उंबरठ्यांचा विचार केला आहे. मुखपृष्ठ, प्रस्तावना, अर्पणपत्रिका हे पुस्तकाला लगटून असलेले उंबरठे. मुलाखती, पत्रे, लेखकाने आपल्या पुस्तकाविषयी अन्यत्र केलेले लेखन हे पुस्तकाबाहेरचे उंबरठे. माझे सदर हा अशा दुसऱ्या प्रकारचा उंबरठा आहे, अशी माझी समजूत होती. उंबरठ्यावर आलेला माणूस घरात येईल, हे मी गृहीत धरले होते. तो उंबरठ्यावरच बसून, पाणी पिऊन, चार गोष्टी बोलून समाधानाने परत जाऊ शकतो, ही शक्यता माझ्या ध्यानात आली नव्हती.

सदराच्या काळातील विक्री ८६ प्रतींची आहे. त्यांपैकी २६ प्रती महाविद्यालये आणि ग्रंथालये यांनी ओळखीतून घेतल्या. ४१ प्रती तीन सार्वजनिक ग्रंथालयांत झालेल्या माझ्या व्याख्यानांनंतर विकल्या गेल्या. सदर वाचून थेट मागणी नोंदवणाऱ्यांची संख्या १९ आहे. सत्तर लेख आणि एकोणीस प्रती! केवळ एवढ्यावरून सदराचा उपयोग झाला नाही असे म्हणणे मात्र सदोष ठरेल. तीनपैकी दोन व्याख्यानांची निमंत्रणे सदर वाचणाऱ्यांकडूनच आली होती. म्हणजे सदराने मला त्या सभागृहापर्यंत नेले. पुस्तक विकले गेले ते माणसे समोर बसली असताना, प्रश्न विचारून झाल्यावर, टेबलाजवळ येऊन पाने चाळल्यानंतर. हा फरक मी वहीत टिपला होता, परंतु त्याचा अर्थ मला एका वाचकाने शिकवला.

हे गृहस्थ टपाल खात्यातून निवृत्त झालेले. दर दुसऱ्या सोमवारी सकाळी त्यांचा दूरध्वनी येई. लेखातील एखाद्या तारखेविषयी शंका, एखाद्या शब्दाविषयी पृच्छा, आणि मधूनमधून शुद्धलेखनाची चूक. २०१९ च्या दिवाळीत मी त्यांच्या गावी गेले. त्यांनी एक दोनशेपानी वही पुढे ठेवली. माझे सर्व लेख कापून, खळीने चिकटवून, समासात तारखा घातल्या होत्या; शेवटी त्यांनी स्वतः तयार केलेली विषयसूची होती. माझ्या छापील पुस्तकाला सूची नाही. ती वही पाहताना मला जे वाटले ते कोणत्याही परीक्षणाने वाटले नव्हते. मग मी, थोड्या संकोचाने, पुस्तक घेतले का असे विचारले.

“नाही घेतलं, मॅडम,” ते म्हणाले. “तुमचं लिहिणं दर पंधरवड्याला वाचतोच की. पुस्तकात आणखी निराळं काय असणार?”

मी पिशवीतील प्रत काढून त्यांना दिली. त्यांनी किमतीचे पूर्ण पैसे दिले; भेट घेण्यास नकार दिला. तीन आठवड्यांनी दूरध्वनी आला. पहिली दोन प्रकरणे त्यांनी वाचली होती, आणि पुढे का वाचली नाहीत हे सांगणे त्यांना कर्तव्य वाटत होते.

“राग मानू नका, मॅडम. सदरात तुम्ही आमच्याशी बोलता. पुस्तकात तुम्ही तुमच्या साहेबांशी बोलताय. दोघं मोठ्या माणसांचं बोलणं चाललेलं असताना मध्ये आपण कशाला उभं राहायचं?”

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. वोल्फगांग इझर या जर्मन समीक्षकाने संहितेत रचला गेलेला जो अभिप्रेत वाचक सांगितला, त्याची कल्पना मी वर्गात अनेक वर्षे शिकवते. टपाल खात्यातील या गृहस्थांनी ती परिभाषेशिवाय आणि माझ्याच पुस्तकाला लावून दाखवली. माझ्या ग्रंथाचा अभिप्रेत वाचक मार्गदर्शक आणि बहिःस्थ परीक्षक हा होता. तो वाचक २०१२ मध्ये ग्रंथ वाचून, मौखिक परीक्षा घेऊन, चहा पिऊन निघून गेला होता. उरलेल्या ५०० प्रती मी कोणासाठी छापल्या होत्या?

येथून मी माझ्याच संशोधनविषयाकडे नव्याने पाहू लागले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ जानेवारी १८७४ मध्ये सुरू झाली आणि १८८१ पर्यंत तिचे ८४ अंक निघाले. मासिक म्हटले तरी ती जवळजवळ एकहाती होती. सरकारी नोकरीत असताना, १८७८ मध्ये रत्नागिरीस बदली झाल्यावरही, त्यांनी ती चालू ठेवली आणि पुढे नोकरी सोडली. याच चिपळूणकरांनी पुण्यात ‘किताबखाना’ हे पुस्तकांचे दुकान काढण्यात पुढाकार घेतला. चित्रशाळा आणि आर्यभूषण छापखाना यांच्या उभारणीतही ते होते. लेखन, छपाई आणि विक्री या तिन्ही कामांत एकच लेखक हात घालतो, याचे याहून ठळक उदाहरण त्या काळात क्वचितच सापडेल. प्रबंधात मी हे सर्व नोंदवले होते. परंतु मालेच्या वाचकाने कोणत्या वस्तूसाठी पैसे दिले, हा प्रश्न मी विचारला नव्हता. त्याने दुसऱ्या कोणत्या ग्रंथाची जाहिरात म्हणून माला वाचली नाही. त्याची वर्गणी मालेसाठीच होती. स्फुट हेच तेथे ग्रंथ होते.

हरिभाऊ आपट्यांचे उदाहरण थोडे वेगळे आहे. ‘करमणूक’ हे त्यांचे साप्ताहिक १८९० मध्ये निघाले आणि ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी त्यातून क्रमशः प्रसिद्ध झाली. साप्ताहिकाचा वाचक पुढे पुस्तकाकडे गेला असेल तर त्याला भाषा बदलावी लागली नाही. ज्या यमूचे बोलणे तो आठवड्याआठवड्याने ऐकत होता, तीच पुस्तकातही बोलत होती.

जोतीराव फुल्यांकडे पाहिले तर हेच सूत्र अधिक तीव्रतेने जाणवते. १८५५ च्या ‘तृतीय रत्न’ नाटकाला दक्षिणा प्राइज कमिटीचा आश्रय मिळाला नाही आणि ते त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. ‘शेतकऱ्याचा असूड’ची पहिली दोन प्रकरणे ‘दीनबंधू’ने छापली आणि पुढची छापणे थांबवले. तत्पूर्वी आणि त्यासुमारास जोतीरावांनी पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी तो मजकूर लोकांपुढे वाचून दाखवला होता. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्यासमोरच ते वाचले. येथे श्रोता आणि अभिप्रेत वाचक यांत अंतरच उरत नाही. माझ्या वहीतील ४१ प्रतींचे रहस्य मला येथे सापडले. व्याख्यानात मी सदराच्या भाषेत बोलत होते. समोरच्या माणसांनी ती भाषा आत असेल या विश्वासाने प्रत घेतली होती. त्यांपैकी कितीजण तिसऱ्या प्रकरणापर्यंत पोचले असतील, याची कल्पना करणे मला सुखाचे वाटत नाही.

याला प्रतिवाद म्हणून डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचे नाव घेता येईल. तेवीस खंडांच्या ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’साठी त्यांनी मंडळी काढून भाग विकले, ग्राहक जमवले आणि १९२७ मध्ये ‘माझे बारा वर्षांचे काम’ हा त्या खटाटोपाचा इतिहास लिहिला. ज्ञानकोशाची भाषा काही घरगुती नव्हती, तरी त्याला ग्राहक मिळाले. परंतु केतकर आधी ग्राहकाकडे गेले, मग छापखान्याकडे. कोणाला काय हवे आहे आणि त्यासाठी तो किती देईल, हे त्यांनी छपाईपूर्वी विचारले. मी छपाईनंतर दोन वर्षांनी विचारू लागले. आणि विचारतानाही वस्तू एक दाखवत होते, देत दुसरीच होते.

म्हणून वहीच्या आधारे माझे उत्तर असे आहे. नियमित स्फुटलेखन वाचक घडवते, यात संशय नाही. परंतु तो त्या लेखनाचा वाचक असतो. त्याची पुस्तकाकडे आपोआप बदली होत नाही. स्फुट आणि ग्रंथ एकाच माणसाशी बोलत असतील तर स्फुटाने ग्रंथाला मदत होते. ती दोन वेगळ्या माणसांशी बोलत असतील तर स्फुट जितके चांगले, तितका ग्रंथ परका वाटतो. माझ्या सदराने माझ्या पुस्तकाचे दारिद्र्यच उजेडात आणले, असेही म्हणता येईल. स्फुटाच्या जागी आज दुसरे कोणतेही माध्यम घेतले तरी हा संबंध बदलेल असे मला वाटत नाही.

या निष्कर्षातून एक गैरसमज होण्याचा संभव आहे. समीक्षेने सोपे व्हावे, पारिभाषिक संज्ञा टाकाव्यात, असे मला म्हणायचे नाही. विद्याशाखेला तिची परिभाषा लागते, आणि परीक्षकासाठी लिहिणे हेही एक शिक्षण आहे. त्या शिक्षणावाचून सदरातील एकही लेख मला लिहिता आला नसता. माझा आक्षेप माझ्या अप्रामाणिकपणावर आहे. परीक्षकासाठी लिहिलेली संहिता मी वाचकासाठी म्हणून बाजारात मांडली, आणि ती विकली गेली नाही तेव्हा वाचनसंस्कृतीच्या ऱ्हासावर एका चर्चासत्रात निबंध वाचला. त्या निबंधालाही प्रमाणपत्र मिळाले.

मार्च २०२० नंतर ३८ प्रती विकल्या गेल्या, ६ भेट दिल्या. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याची बुकपोस्टची जुनी सवलतीची सेवा बंद झाली, ही बातमी मला त्याच गृहस्थांनी दूरध्वनीवर दिली. त्यांच्या आवाजात घरातले माणूस गेल्यासारखे काही होते. मे २०२५ मध्ये ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाल्याचेही त्यांनीच कळवले आणि तिच्या अटी वाचून दाखवल्या. मग विचारले, “दुसरं पुस्तक कुठवर आलं?”

दुसरे पुस्तक त्याच विषयावरचे आहे. प्रबंधातील पाच प्रकरणे मी बाजूला ठेवली आणि सदरातील लेख समोर घेऊन पुन्हा लिहायला बसले. हे काम कल्पनेपेक्षा कठीण निघाले. साडेसहाशे शब्दांत जो वाचक बरोबर चालतो, त्याला अडीचशे पाने बरोबर न्यायचे तर युक्तिवाद लागतो, पुरावा लागतो, कुठे थांबायचे हे कळावे लागते. आणि हे सारे करताना आपल्या साहेबांकडे वळून पाहण्याची सवय मोडावी लागते. पहिले प्रकरण चार वेळा लिहून झाले आहे. चौथा खर्डा मी आमच्या गावच्या ग्रंथालयात बारा माणसांपुढे वाचला. दोघे झोपले. एका शिक्षिकेने जो प्रश्न विचारला, त्याने प्रकरणाचा क्रमच बदलावा लागला.

छपाईपूर्वी शंभर वर्गणीदार मिळाले तरच हे पुस्तक छापायचे, असे आम्ही घरात ठरवले आहे. एकोणिसाव्या शतकातील पुस्तकांतून आश्रयदात्यांच्या याद्या छापलेल्या मी शेकड्यांनी पाहिल्या होत्या. त्या याद्यांवर प्रबंधात एक परिशिष्टही आहे. परंतु अशी यादी करताना लेखकाच्या हाताला काय वाटत असेल, हे मला आता समजते आहे. शंभर मिळतीलच असा भरवसा मला नाही. न मिळाल्यास हस्तलिखित कपाटात राहील. दिवाणात आणखी जागा नाही.

पहिली वर्गणी आली आहे. टपाल खात्यातील त्या गृहस्थांनी दोनशे रुपये पाठवले आणि पावती मागितली. पावतीपुस्तक छापलेले नव्हते. मी कोऱ्या कागदावर क्रमांक १ घालून, रक्कम अक्षरी आणि अंकी लिहून, सही करून पावती पाठवली. चार दिवसांनी दूरध्वनी आला. पावती मिळाली होती. परंतु तिच्यावर तारीख नव्हती.